स्टार म्हणजे स्टार

आत्येभाऊ बोटीवर होता. त्याने कधीकाळी आणलेली शिमानोची मासेमारीची रीळ परवा माझ्याकडे आली. वर ‘मेड इन जपान’, आत मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस. रॉकेलने धुवायची, पितळी पिनियन, म्हणजे आतलं छोटं दातेरी चाक, ब्रशने घासायचं, शिलाई मशीनचं तेल सोडायचं, की मूठ फिरवताना, तिला उलटं फिरू न देणारा अँटी-रिव्हर्सचा खटका टिकटिक बोलू लागतो. त्या टिकटिकीसाठीच हे उद्योग.

अडलं स्क्रूवर. जपानी स्क्रूची फुली आपल्या नेहमीच्या स्टारसारखीच दिसते, पण तिचा घाट वेगळा. तिला ‘जेआयएस’, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचाच स्क्रू ड्रायव्हर लागतो. साधा फिलिप्स, म्हणजे आपला स्टार, नीट बसत नाही. जोर लावला की उसळतो आणि जाताना कडा खाऊन जातो. ओळख म्हणून अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा बारीक ठिपका असतो. रत्नागिरीतल्या एका हार्डवेअरवाल्याला मी तो भिंगातून दाखवला.

“स्टार,” तो म्हणाला.

“स्टार नाही, जेआयएस.”

“स्टारच.”

नळाचा वायसर घ्यायला आलेले एक काका “बघू” म्हणाले, तोवर रीळ त्यांच्या हातात गेलीसुद्धा होती.

“शिमानो? ही सायकलची कंपनी. तुला फसवलान कोणीतरी.”

मी सांगितलं, की शिमानोने १९२१ साली ओसाकाजवळच्या साकाईत सुरुवात सायकलच्या फ्रीव्हीलनेच केली. मासेमारीचं सामान १९७० पासून.

“म्हणजे सायकलचीच. मासे किती मिळाले हिच्यावर?”

“अजून पाण्यात नाही टाकली.”

“मग बिघडली कशी?”

“बिघडली नाही हो काका, साफ करतोय.”

“न बिघडलेली वस्तू उघडतोस?” काका दुकानदाराकडे वळले, मग पुन्हा माझ्याकडे. आवाज एकदम मऊ झाला. “लग्न झालंय ना तुझं?”

आपल्याकडे वस्तू जपायची म्हणजे तिच्यावर कव्हर घालायचं. रिमोट वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या पिशवीत, आतले सेल गळून गेले तरी पिशवी शाबूत. शिलाई मशीनवर भरतकामाचा रुमाल, तेल मात्र आजीच्या हातचं शेवटचं. बंद पडलं की “नवीन घ्या, चायनाचं स्वस्तात मिळतं” म्हणायला सगळे तयार. दुकानदारही तेच म्हणाला.

“जोर लागतो, दुसरं काय!” काकांनी काउंटरवरचा जाडजूड स्टार उचलला. मी “अहो, नको” म्हणेपर्यंत करकर आवाज झाला. ठिपका उडालाच, फुलीही गोल झाली.

आता तो स्क्रू ड्रिलने काढायचा. सुटा स्क्रू मिळत नाही, म्हणजे त्याच्यासाठी दुसरी मेलेली रीळ शोधायची. आणि तिचे स्क्रू असल्याच कुठल्यातरी काकांनी आधी खाल्लेले नसले तर नशीब.

काकांनी रीळ माझ्या हातात ठेवली, वायसर खिशात टाकला.

“जपानी मालसुद्धा आता पूर्वीसारखा राहिला नाही.”

दुकानदाराने मान डोलावली आणि टोक गेलेला तो स्टार माझ्या बिलात लावला.