कर शून्य, मग सूट कशातून?

‘बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर नाही, मग कमी पगारवाल्याला आणखी काय द्यायचं?’ कमी पगाराच्या कामगाराला सरकारने मदत द्यावी का, या पुण्यातल्या वादात हा प्रश्न येतोच. प्राप्तिकरातली ही सूट (रिबेट) ६०,००० रुपयांपर्यंत आहे, पण ती देय करातून वजा होते. कर शून्य असेल तर सूटही शून्य. चाकणला ठेक्यावर भत्त्यांशिवाय महिना १४,००० मूळ वेतन घेणाऱ्या पुरुषाच्या पगारातून पीएफचे १,६८०, ईएसआयचे (कामगारांचा आरोग्य विमा) १०५ आणि व्यवसायकराचे २०० कापले जातात. पीएफ पुढे परत मिळतो खरा, पण या महिन्याचं खोलीभाडं त्यातून भागत नाही.

इथे अमेरिकेत १९७५ पासून अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी कमावणाऱ्या कामगारांसाठीची करसवलत आहे. कर शून्य असला तरी रक्कम हातात येते. २०२५ च्या उत्पन्नावर एक मूल असलेल्याला कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३४ सेंट मिळतात, १२,७३० डॉलरपर्यंत. म्हणजे कमाल ४,३२८ डॉलर. उत्पन्न एका मर्यादेपुढे गेलं की ती हळूहळू कमी होते. काम करणाऱ्यालाच पैसे मिळतात, हे मला मनापासून पटतं.

मात्र हे जसंच्या तसं पुण्यात आणू नये. अमेरिकेत मूल वर्षातले सहा महिन्यांहून जास्त पालकासोबत राहिलेलं असावं लागतं, आणि बरेच दावे याच अटीवर चुकतात. भोसरीत राबणाऱ्या कितीतरी जणांची मुलं बीड-लातूरला आजीकडे शिकतात, रेशनकार्डही गावचंच. ही अट लावली तर ज्यांच्यासाठी योजना, तेच बाहेर. त्यापेक्षा मुलाच्या खर्चाची जबाबदारी कोणावर आहे, ते पाहावं.

दुसरी अडचण ठेकेदाराची. सवलत मिळतेय म्हटल्यावर पगारवाढ रोखायला त्याला कारण मिळतं. बँकेत पूर्ण पगार टाकून काही रोख परत घेणारेही आहेत. किमान वेतनाची तपासणी ढिली राहिली तर सरकारी पैसा त्यांच्याच खिशात जाईल.

रक्कम वर्षातून एकदा देऊ नये. अमेरिकेत मुदतीआधी पैसे हवेत म्हणून लोक परताव्यावर कर्ज काढतात. ब्रिटनने २००३ पासून अशाच सवलतीचे वर्षभर अंदाजाने हप्ते दिले आणि जास्त गेलेले पैसे नंतर कुटुंबांकडून वसूल केले. पुण्यात तिमाही संपल्यावर, यूएएनवरच्या (कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक) प्रत्यक्ष पीएफ भरण्यावरून रक्कम खात्यात जावी.

कोथरूडच्या सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या मावशी यात बसत नाहीत. ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत, नाव असलं तरी दरमहाच्या पगाराची नोंद तिथे नाही. त्यांच्यासाठी थेट मासिक रक्कमच हवी, आणि या सवलतीचं कारण देऊन ती कापू नये.