‘दहा वर्षांचा व्हिसा, राहा दहा वर्षं’ या मेसेजला उत्तर

‘परदेशात मुलांकडे जाणाऱ्या निवृत्त आई-वडिलांसाठी, एजंट सांगत नाहीत ते’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यात सहा मुद्दे आहेत. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असला की दहा वर्षं राहता येतं. सहा महिन्यांची अट कोणी काढलीच तर दोन दिवस कॅनडाला जाऊन यावं, नवे सहा महिने मिळतात. थोडे दिवस वर झाले तरी ज्येष्ठांना कोणी काही करत नाही. मुलाने ग्रीन कार्ड काढून दिलं की भारतात राहूनही ते चालू ठेवता येतं. युरोप, इंग्लंड, कॅनडा इथेही असंच वर्षानुवर्षं राहता येतं. आणि पेन्शनवाल्यांनी मात्र नोव्हेंबरात भारतात यावंच. खाली नेहमीचं ‘प्रत्येक ज्येष्ठ नागरिकापर्यंत पोहोचवा’.

माझ्या मामा-मामींपर्यंत तो पोहोचला. मामा आयुष्यभर बँकेत होते, अटी-शर्ती वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. तेच मला फोनवर म्हणाले, “परतीचं तिकीट आत्ताच कशाला काढायचं? व्हिसा २०३३ पर्यंत आहे. तिकडे गेल्यावर बघू.” अमेरिकेत राहणाऱ्या मामेभावाला त्यांनी विचारलंही नव्हतं, कारण मेसेजमध्ये सगळं मुद्देसूद लिहिलेलं होतं. मुद्देसूद लिहिलेलं खोटं जास्त लांब जातं, म्हणून उत्तरही नीटच द्यायला हवं.

पहिला मुद्दा. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावरची तारीख तुमच्या मुक्कामाची नसते. त्या तारखेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागू शकता, एवढाच तिचा अर्थ. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे तिथला सीमा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत चढते. बी-२ म्हणजे फिरायला, भेटायला जाणाऱ्यांच्या व्हिसावर साधारणपणे सहा महिने मिळतात. अमेरिकेच्या संघीय नियमावलीत, ८ सीएफआर २१४.२ या कलमात, हे स्पष्ट लिहिलेलं आहे: एका प्रवेशात जास्तीत जास्त एक वर्ष आणि पुढची मुदतवाढ एका वेळी सहा महिन्यांपर्यंत. दहा वर्षं राहू देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्यालाही नाही.

ही नोंद आता ऑनलाइन असते. सीमा विभागाच्या आय-९४ च्या संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकला की तारीख दिसते. उतरल्यावर पहिल्याच दिवशी ती काढून छापून ठेवावी, आणि नवरा-बायको दोघांची वेगवेगळी काढावी. कारण ती प्रत्येकाची स्वतंत्र असते. एकाचा पासपोर्ट आधी संपत असेल तर त्याला पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मुक्काम मिळू शकतो. आपण दोघं बरोबर आलो, म्हणजे तारीखही एकच असणार, असं गृहीत धरणारी जोडपी असतात आणि त्यातला एक जण नकळत मुदतीबाहेर जातो.

कॅनडाच्या युक्तीबद्दल. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत जाऊन परत येणाऱ्याची जुनी आय-९४ सामान्यतः तशीच चालू राहते. म्हणजे सहा महिन्यांपैकी पाच महिने पंचवीस दिवस झालेले असतील तर परत आल्यावर उरलेले पाचच दिवस हातात. अधिकाऱ्याने नवी तारीख दिलीही असेल कोणाला, पण तो त्याचा अधिकार आहे, आपला हक्क नाही. शिवाय टोरांटो, व्हँकुव्हरसारख्या विमानतळांवर अमेरिकेची तपासणी कॅनडातच होते. तिथला अधिकारी सरळ विचारतो की सहा महिने राहून परवा बाहेर पडलात, मग आज परत कशासाठी? आणि उत्तर पटलं नाही तर विमानात बसूच देत नाही. औषधं, कपडे, सामान सगळं मुलाच्या घरी आणि सत्तरीतलं जोडपं टोरांटोच्या विमानतळावर. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा आधी काढावा लागतो, याचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही.

पण मला खरा संताप आला तो तिसऱ्या मुद्द्याचा. ‘थोडे दिवस वर झाले तरी ज्येष्ठांना कोणी काही करत नाही.’ बरोबर आहे, दारावर पोलीस येत नाहीत. परतीच्या विमानात बसतानाही बहुधा कोणी अडवत नाही. म्हणूनच हा मुद्दा इतका घातक आहे, कारण शिक्षा कळते ती पुढच्या वेळी.

आय-९४ ची तारीख एका दिवसानेही ओलांडली की तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द ठरतो. पासपोर्टवर तो दिसत राहतो, पण त्यावर प्रवास करता येत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि आता अर्जात ‘मुदतीपेक्षा जास्त राहिलात का’ या प्रश्नाला ‘हो’ लिहायचं. मुदत संपल्यावर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या २१२ व्या कलमात ही तरतूद आहे, आणि ती वय विचारत नाही. साठीतला माणूस, सत्तरीतली बाई, सगळ्यांना तीच. अडुसष्टाव्या वर्षी दहा वर्षांची बंदी लागली तर नातवंडं मोठी होऊन कॉलेजात जातील, तोवर आजी-आजोबांनी त्यांना व्हिडिओ कॉलवरच पाहायचं.

आणि याहून वाईट म्हणजे, अशी बंदी लागल्यावर ग्रीन कार्डासाठी त्या बंदीतून सूट मागायची तर आपल्या न येण्याने जवळच्या नात्यातल्या कोणाला अतोनात त्रास होईल, हे सिद्ध करावं लागतं. हे नातं कायद्यात नवरा-बायको किंवा आई-वडील एवढंच मोजतात, आणि तेही अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावे लागतात. मुलं यात येत नाहीत. म्हणजे ज्या मुलासाठी हे जोडपं तिथे गेलं, त्याचा त्रास तिथे धरलाच जात नाही. हा तपशील मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असता, तर त्याने ते वाक्य लिहिलं असतं असं मला वाटत नाही.

या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे, ते कबूल करते. मूल अमेरिकेचं नागरिक असेल आणि आई-वडील रीतसर व्हिसावर आत आलेले असतील, तर मुदत उलटलेली असूनही अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डाचा अर्ज त्यांना करता येतो. नागरिकांच्या आई-वडिलांना ही सवलत आहे. ‘काही होत नाही’ ही समजूत बहुधा तिथूनच पसरली असावी. पण ती फक्त नागरिकांच्या आई-वडिलांना आहे आणि देश न सोडता अर्ज करणाऱ्यांनाच आहे. राहायच्याच इराद्याने येऊन विमानतळावर ‘फिरायला आलोय’ सांगितल्याचं सिद्ध झालं तर ती खोटी माहिती ठरते, आणि त्याची बंदी कायमची असते. माझ्या मामेभावाकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करण्याचा हक्कच नाही. त्याच्यासाठी तर हा रस्ता आज अस्तित्वातच नाही.

जास्त राहायची खरी गरज असेल तर सरळ वाट आहे. आय-९४ ची तारीख संपायच्या आत आय-५३९ हा मुदतवाढीचा अर्ज करायचा. निदान ४५ दिवस आधी करा, असं अमेरिकेचं इमिग्रेशन खातंच सांगतं. कारण खरं हवं: आजारपण, सुनेचं बाळंतपण. जवळ पैसे आहेत आणि परत जाणार आहोत याचे पुरावे जोडायचे. अर्ज वेळेत केलेला असेल तर निकाल लागेपर्यंतचे दिवस बेकायदा धरले जात नाहीत. नाकारला तर मात्र लगेच निघायचं.

दरवर्षी पाच-सहा महिने राहणाऱ्यांनी करही पाहावा. या वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक-तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षाचे एक-षष्ठांश, अशी बेरीज १८३ झाली की अमेरिका तुम्हाला कराच्या दृष्टीने रहिवासी धरू शकते. सलग तीन वर्षं दीडशे-दीडशे दिवस राहिलात की बेरीज २२५ होते. चालू वर्षात १८३ पेक्षा कमी दिवस असतील आणि घरदार, व्यवहार भारतात असतील तर ८८४० हा फॉर्म भरून सूट मागता येते. तो भरायचा असतो हेच अनेकांना माहीत नसतं.

ग्रीन कार्ड घेऊन भारतात राहण्याबद्दल थोडक्यात. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की परतताना प्रश्न सुरू होतात. वर्षभर बाहेर राहायचं असेल तर निघण्याआधी अमेरिकेत असतानाच पुनर्प्रवेशाच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो आणि तोही साधारण दोन वर्षांचाच असतो. वर्षातून एकदा जाऊन शिक्का मारून आलं की भागतं, हे खोटं आहे. शिवाय ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं, म्हणजे इथलं पेन्शन आणि मुदतठेवींचं व्याजसुद्धा. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांत मिळून कधीही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते.

युरोपचा दावा एका ओळीत निकाली निघतो. शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या देशांत, साध्या भेटीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, सगळे देश मिळून. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे येण्या-जाण्याची नोंद संगणकावर व्हायला लागली आहे, त्यामुळे शिक्के मोजणाऱ्याची नजर चुकेल या भरवशावर राहू नये. इंग्लंडचाही दहा वर्षांचा भेटीचा व्हिसा मिळतो, पण एका वेळी सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही.

कॅनडाच्या बाबतीत मात्र मेसेज बराचसा खरा आहे, हे मान्य करायला हवं. कॅनडाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांच्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना सुपर व्हिसा मिळतो. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. पण तोही वयाच्या जोरावर मिळत नाही. मुलाचं उत्पन्न ठरलेल्या किमान मर्यादेच्या वर हवं, वैद्यकीय तपासणी हवी, आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा आरोग्य विमा हवा. ऑस्ट्रेलियात मुलं असतील तर ८७० क्रमांकाचा तात्पुरता पालक व्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो. वर्षानुवर्षं राहायचंच असेल तर असा व्हिसा काढावा. अमेरिकेत आई-वडिलांसाठी असा काही प्रकार नाही, निवृत्तांसाठीचा व्हिसाही नाही.

विम्याबद्दल मेसेज गप्प आहे, पण मामींना मधुमेह आहे म्हणून लिहिते. अमेरिकेला जाणाऱ्यांसाठीच्या बहुतेक प्रवासी विम्यांत आधीपासून असलेल्या आजाराचा नेहमीचा खर्च धरत नाहीत. फार तर अचानक बिघडलं तर, तेही मर्यादेपर्यंत. पॉलिसीत ते पान आधी शोधावं, किंमत नंतर बघावी.

राहिला नोव्हेंबर, म्हणजे पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. त्यासाठी परत यावं लागत नाही. आधार असेल तर जीवन प्रमाणचं, म्हणजे सरकारच्या डिजिटल हयातीच्या दाखल्याचं, काम मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, नाहीतर जवळच्या भारतीय वाणिज्य दूतावासात दाखला करून बँकेला पाठवता येतो. ज्यांचा मुक्काम डिसेंबरपर्यंतचा आहे त्यांनी केवळ यासाठी तिकीट अलीकडे आणायची गरज नाही. मामांचं परतीचं तिकीट आता निघालंय, आय-९४ वर मिळण्यासारख्या मुदतीच्या बरंच आतलं.