समोर कोण आलेला परवडेल?

२०२८ची निवडणूक अजून लांब आहे, पण इथे मिशिगनमध्ये आमची चार मराठी डोकी एकत्र आली की विषय निघतोच. ट्रम्प यांना राज्यघटनेप्रमाणे पुन्हा निवडून येता येत नाही, मग रिपब्लिकनांकडून कोण? उपाध्यक्ष व्हान्स की परराष्ट्रमंत्री रुबिओ? आणि त्याला चिकटून पुढचा प्रश्न: यातला कोण आलेला आपल्याला परवडेल? (आपल्याला म्हणजे डेमोक्रॅटना. मी त्याच बाजूचा आहे हे आधीच सांगतो. रिपब्लिकन मित्रांनीही वाचायला हरकत नाही, त्यांच्या पक्षाच्या वाट्याला पुढे बरंच आलंय.)

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. जो जास्त टोकाचा, जास्त वादग्रस्त, तोच यावा, म्हणजे हरवायला सोपा. मला हे अजिबात पटत नाही. हा हिशेब याआधी मांडून झालेला आहे, एकदा नाही, अनेकदा.

१९६६ साली कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर पॅट ब्राऊन तिसऱ्यांदा उभे होते. रिपब्लिकनांत दोन मुख्य दावेदार. एक जॉर्ज क्रिस्टोफर, सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर, मवाळ, कारभाराचा अनुभव असलेले, दुधाच्या धंद्यातले. दुसरा सिनेमातला नट. ब्राऊन यांच्या माणसांच्या मते धोका होता क्रिस्टोफर यांचा. मग दुधाच्या किमतीच्या नियमभंगाचं त्यांचं जुनं प्रकरण उकरून वर्तमानपत्रापर्यंत पोचवलं गेलं. क्रिस्टोफर प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, आडवे झाले, आणि नोव्हेंबरमध्ये त्या नटाने ब्राऊनना जवळजवळ दहा लाख मतांनी पाडलं.

नटाचं नाव रोनाल्ड रेगन. तेव्हा निदान म्हणता येत होतं की माणूस नवखा होता, अंदाज आला नाही. पण १९८०मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टर यांच्या गोटात पुन्हा तीच चर्चा! थोरले बुश किंवा सिनेटर हॉवर्ड बेकर आले तर जड जाईल, रेगन आला तर बरं. वय ६९, अणुबॉम्बबद्दल सैल बोलणारा, लोक घाबरतील. एकाच माणसाबद्दल एकाच पक्षाने चौदा वर्षांत दोनदा केलेली ही चूक. रेगन ४४ राज्यं जिंकले. इलेक्टोरल मतं (राज्यवार मिळणारी, ज्यांवर अध्यक्ष ठरतो ती) ४८९ विरुद्ध ४९.

का झालं असं? रेगन बोलायला पटाईत होते, हे खरं, पण अर्धंच. त्या वर्षी महागाई १३ टक्क्यांच्या वर होती, तेहरानमध्ये ५२ अमेरिकन ओलीस होते आणि मतदानाच्या दिवशीच त्या घटनेला बरोबर वर्ष पुरं होत होतं. कार्टर यांना घालवायचं हे खूप लोकांनी मनात धरलेलं होतं. फक्त एकच शंका होती: हा दुसरा माणूस भलतंसलतं काही करणार नाही ना? मतदानाच्या आठवडाभर आधी क्लीव्हलंडला वादचर्चा झाली. रेगन दीड तास शांतपणे, हसतमुखाने उभे राहिले आणि शेवटी लोकांना विचारलं, चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का? संपलं. ज्याला 'भीतीदायक' ठरवण्यावर तुमचा सगळा प्रचार उभा असतो, त्याने नुसतं साधं माणूस दिसायचं असतं. आपणच त्याची परीक्षा इतकी सोपी करून ठेवलेली असते.

म्हणून मला वाटतं, समोरचा कोण किती बलवान हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, आपण किती अडचणीत आहोत. लोक आपल्यावर खूश असतील तर समोर कोणीही येऊ दे. वैतागलेले असतील तर समोरचा 'कच्चा' उमेदवारही पुरेसा होतो.

आता ज्यांनी धोका बरोबर ओळखला त्यांची गोष्ट. १९७१मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांना भीती होती ती मेन राज्याचे डेमोक्रॅट सिनेटर एडमंड मस्की यांची. ६८ला उपाध्यक्षपदासाठी लढलेला, शांत डोक्याचा माणूस. जनमत चाचण्यांत निक्सनच्या बरोबरीने, कधी पुढे. निक्सनच्या लोकांनी मग मस्कींच्या प्रचारात बनावट पत्रं आणि खोड्यांचा उद्योगच उघडला. न्यू हॅम्पशरच्या प्रायमरीआधी तिथल्या एका वर्तमानपत्रात, मस्कींनी फ्रेंच-कॅनेडियन लोकांची टिंगल केली असं सांगणारं एक बनावट पत्र छापून आलं. त्यांच्या बायकोबद्दलही वाईटसाईट छापलं गेलं. मस्की भर बर्फात त्या वर्तमानपत्राच्या दारात जाऊन बोलले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज दाटला. गालावर होतं ते अश्रू की वितळलेला बर्फ, यावर अजून वाद घालतात लोक. प्रायमरी त्यांनी जिंकली, पण अपेक्षेपेक्षा कमी मतांनी, आणि तिथून घसरले ते घसरलेच. उमेदवारी मिळाली जॉर्ज मॅकगव्हर्न यांना. त्यांच्या वाट्याला मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन, बाकीची ४९ राज्यं निक्सन यांची.

म्हणजे निक्सन यांचा अंदाज शंभर टक्के बरोबर. पण याच मंडळींच्या कारभारातून वॉटरगेट (डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीचं प्रकरण) निघालं आणि ऑगस्ट १९७४मध्ये निक्सन राजीनामा देऊन घरी गेले. दुसरं उदाहरण ट्रम्प यांचं. २०१९मध्ये त्यांनी युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना फोन करून बायडेन यांच्या चौकशीचा विषय काढला, तेव्हा खुद्द डेमोक्रॅटिक पक्षातही बायडेन यांच्याबद्दल खात्री नव्हती. पुढे ते आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले. बायडेनच जड जातील हे ट्रम्प यांनी पुष्कळ आधी हेरलं होतं, असं माझं मत. (काही गैर केल्याचं ते कायम नाकारत आले आणि सिनेटने त्यांना मुक्तही केलं, हेही नोंदवतो.) गंमत बघा, धोका अचूक ओळखणाऱ्यांपैकी एकजण महाभियोगाच्या आधीच पायउतार झाला, दुसऱ्यावर तो लागलाच. नुसतं ओळखून भागत नाही, हात शिवशिवतात.

२०१६चं फार लिहीत नाही, जखम ताजी नसली तरी खाज आहे. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचं एप्रिल २०१५चं एक टिपण पुढे विकिलीक्सने फोडलं. त्यात क्रूझ, ट्रम्प आणि कार्सन ही रिपब्लिकन नावं देऊन म्हटलं होतं की यांना महत्त्व मिळू द्या, माध्यमांनी त्यांना गंभीरपणे घ्यावं असं बघा. मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून सुमारे ७८ हजार मतांनी निवडणूक गेली. त्या टिपणामुळे ट्रम्प आले असं मी म्हणणार नाही, ते स्वतःच्या जोरावर आले. पण आपल्याकडचे हुशार लोक त्यांच्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते, हे विसरायचं कारण नाही.

इथे ग्रुपवरचे मित्र लगेच २०२२चा दाखला देतात. आमच्या मिशिगनमधली ग्रँड रॅपिड्सची खासदारकीची जागा. पीटर मायर हे रिपब्लिकन खासदार, हो, त्याच मायर दुकानांच्या घराण्यातले, जिथून आपण सगळे दूध-भाजी आणतो. ६ जानेवारी २०२१ला संसद भवनात झालेल्या दंग्यानंतर ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी एक. त्यांच्या विरोधात प्रायमरीला ट्रम्प यांचा पाठिंबा असलेले जॉन गिब्ज उभे होते. डेमोक्रॅट पक्षाच्या समितीने चार लाखांहून जास्त डॉलर जाहिरातीवर घातले. वरवर गिब्ज यांच्यावर टीका, पण रिपब्लिकन मतदाराला ऐकायला ती शिफारसच वाटावी. मायर पडले, गिब्ज आले, आणि नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट हिलरी शोल्टन जिंकल्या.

डाव साधला, मान्य. तरी मला तो आवडला नाही. स्वतःचं करिअर पणाला लावून ज्याने मत दिलं, त्यालाच आपण पाडायला मदत केली आणि वर 'लोकशाही धोक्यात आहे' म्हणून देणग्याही मागितल्या. 'हरवायला सोपा' आणि 'जिंकला तर घातक' या दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात. खासदारकीच्या एका जागेसाठी ही जोखीम कोणी पत्करेल. अध्यक्षपदासाठी?

२०२४ला तर हा प्रश्न समोरच आला. डिसेंबर २०२३मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलच्या चाचणीत ट्रम्प यांच्या पक्षातल्या प्रतिस्पर्धी निकी हेली बायडेन यांच्या १७ टक्के पुढे होत्या, ट्रम्प फक्त ४. त्यामुळे ट्रम्प येताहेत म्हटल्यावर आमच्यातल्या कित्येकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण लोकांचं रडगाणं किराण्याच्या बिलाचं होतं आणि बायडेन यांच्या वयाचं. पुढे बायडेन बाजूला झाले, हॅरिस आल्या, इलेक्टोरल मतांचा निकाल ३१२-२२६. जो 'सोपा' होता तोही जिंकला. आणि हेलींचा तो दरारा कागदावरच राहिला, कारण त्यांच्या स्वतःच्याच पक्षाला त्या नको होत्या.

मग धोका ओळखायचा कसा? माझी कसोटी आमच्या शेजारच्या मॅकोंब काउंटीची आहे. मोटार कारखान्यांचा, युनियनवाल्यांचा भाग. १९६०ला केनेडींना भरभरून मतं देणारा, ८४ला रेगनना तितकीच. दोनदा ओबामा, मग तीनदा ट्रम्प. २०१६मध्ये ट्रम्प अख्खं मिशिगन १०,७०४ मतांनी जिंकले आणि एकट्या मॅकोंबमधली त्यांची आघाडी सुमारे ४८ हजारांची होती. मला कोणाचा किती राग येतो याला तिथे काडीची किंमत नाही. आधी आपल्याला मत देणारा तिथला माणूस, शेजाऱ्यापाजाऱ्यांत न लाजता, ज्याला मत देऊ शकेल, तो उमेदवार धोक्याचा. व्हान्स यांना कारखान्याच्या गावातल्या बालपणाची गोष्ट सांगता येते, रुबिओंना बारटेंडर बापाची. दोन्ही गोष्टी तिथे चालतील. म्हणून यातला कोणीच मला 'परवडणारा' वाटत नाही, आणि आपला उमेदवार तिथे जाऊन काय बोलणार याची चिंता जास्त वाटते.

शेवटचं, ज्यांनी आत्तापासून बेत आखलाय की २०२८च्या प्रायमरीत रिपब्लिकन मतपत्रिका घेऊन सगळ्यात कच्चा गडी निवडायचा, त्यांच्यासाठी. मिशिगनमध्ये पक्षनोंदणी नाही. कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते लिहून द्यायचं, की झालं. कायद्याची आडकाठी नाही, खुशाल घ्या. पण मग त्यातल्या ज्या माणसाला चार वर्षं व्हाइट हाउसमध्ये बसलेलं तुम्ही सहन करू शकाल, त्याच्या नावापुढे खूण करा. मी डेमोक्रॅटिकच घेणार आहे. आपल्याकडेही गर्दी होणार, आणि त्यातला कोण मॅकोंबमध्ये चालेल ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.