गुरुजींच्या वेळेचा हिशेब

नमस्कार. सानेगुरुजींवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, म्हणून दुसऱ्यांदा.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : समाजसेवेनं सानेगुरुजींमधला कादंबरीकार गिळला. दौरे, सभा, उपोषणं यांतून उरल्या वेळात घाईघाईनं जे लिहिलं ते रडवं राहिलं, आणि मी माझ्या लेखात त्या कच्चेपणावर सेवेचं पांघरूण घातलं.

पांघरुणाचं मान्य. त्यांच्या बऱ्याच कादंबऱ्यांत पात्रं गुरुजींसारखीच बोलतात, वाईट माणूस बघता बघता सुधारतो, आणि डोळ्यांना पाणी तर उठता बसता. खोडून पुन्हा लिहिणाऱ्यांतले ते नव्हेत. हे मी लिहायला हवं होतं. भीड पडली.

पण वेळेचा हिशेब तुम्ही उलटा मांडलाय. 'श्यामची आई' लिहिली गेली नाशिकच्या तुरुंगात. ९ फेब्रुवारी १९३३, गुरुवारी हात घातला आणि सोमवारी पहाटे लिखाण संपलं. १९३० साली अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून ते सत्याग्रहात पडले नसते, तर हे पाच दिवस त्यांना कुठल्या सुट्टीत मिळाले असते? मास्तरकी करणाऱ्याला विचारा. सेवेनं त्यांना तुरुंग दिला आणि तुरुंगानं सलग वेळ. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दाक्षिणात्य सोबती भेटले, तिथे ते तमिळ शिकले. प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकून जवळ यावं, या पुढच्या आंतरभारतीच्या कल्पनेचं मूळ तिथलं.

धुळ्याचा तुरुंग मला याहून महत्त्वाचा वाटतो. १९३२ मध्ये विनोबा तिथे दर रविवारी गीतेवर बोलत. एकूण अठरा प्रवचनं. समोर बसून ती उतरवून घेत होते गुरुजी. डोळ्यांपुढे आणा : स्वतःला लिहिता येतं हे ठाऊक असलेला माणूस, हातात लेखणी, आणि कागदावर शब्द दुसऱ्याचे. बोलणारा थांबत नाही, त्यामुळे आपलं एखादं वाक्य मध्ये घुसवायची सोय नाही. आज आपण 'गीता प्रवचने' वाचतो ती त्या हाताची कृपा. आता ही सेवा की साहित्य? तुम्हीच कुठल्या रकान्यात टाकायची ते सांगा. मला तरी जमलं नाही.

अमळनेरच्या छात्रालयातही तेच. मुलं नसताना त्यांच्या खोल्या झाडायच्या, पसरलेले कपडे आवरायचे, आणि त्याच मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचं. छापील नव्हे, हस्तलिखित, आणि रोजचं! रोज वाचणारी पोरं समोर असली की भाषा आपोआप सोपी होते. त्यांच्या गद्यातली ती बोलती लय, जिचं तुम्हीही कौतुक केलंय, मला वाटतं या सवयीतून आली. रडवेपणाही तिथूनच आला असेल, नाही म्हणत नाही. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांना आईची गोष्ट सांगायची तर दुसरं काय होणार?

पंढरपूरचं उपोषण मात्र तुम्ही 'प्रसिद्धी' म्हणून उडवलंत, ते पटलं नाही. १ ते १० मे १९४७. त्याआधी काही महिने त्यांनी अस्पृश्यांसाठी मंदिरं खुली व्हावीत म्हणून महाराष्ट्र पिंजून काढला होता. त्यानं कादंबरी मोठी होत नाही, खरंच. तसा दावा मीही केला नव्हता.

त्यांच्या लेखनाला खरंच कुणी गिळलं असेल तर माझा संशय साप्ताहिकावर आहे. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' सुरू झालं आणि दर आठवड्याला पानं भरणं आलं. ११ जून १९५० ला ते गेले, वय पन्नास. त्या शेवटच्या दिवसांवर तुम्ही दोन वाक्यांत निकाल दिलाय. मी देणार नाही.

राहता राहिलं तुमचं शेवटचं बोट : माझ्या लेखात 'त्याग' हा शब्द अकरा वेळा आलाय. मोजला. बारा वेळा आहे. नऊ आज रात्री काढतो.