आत वळा, पण पिशव्यांकडे लक्ष ठेवा

गेल्या रविवारी ध्यानाच्या वर्गात मला पिशव्या राखायला उभे करण्यात आले. नोकरीनिमित्त बीजिंगमध्ये राहणाऱ्या, तिमाहीचे शुल्क आगाऊ भरलेल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या बाईला, बाकी सगळे डोळे मिटून अंतरंगात उतरलेले असताना, बाकावरच्या पिशव्या, थर्मास आणि एक घडीची खुर्ची यांच्यावर नजर ठेवण्याचे काम देण्यात आले, आणि तेही ‘तुमच्या प्रकृतीच्या काळजीपोटी’ अशा मऊ शब्दांत, म्हणजे रागावण्याचीही सोय नाही. निर्णय आमच्या गुरुजींनी जाहीर केला असला, तरी त्यामागचे डोके त्यांचे नव्हते. ते डोके, किंवा काटेकोरपणे सांगायचे तर ती पाठ, दुसऱ्याच एका गृहस्थांची होती.

या वर्गाला मी कशी पोहोचले, ते सांगण्यासारखे नाही. कंबर दुखत होती, कचेरीतल्या एका सहकारिणीने ताओ परंपरेतले शिक्षक सुचवले आणि मी थ्येनथान उद्यानात जाऊ लागले. १४२० साली मिंग सम्राटाने बांधलेल्या स्वर्गमंदिराभोवतीचे हे उद्यान पहाटेपासून निवृत्त माणसांच्या ताब्यात असते आणि तिथे कंबर दुखणारी मी एकटीच आहे असे मला अनेकदा वाटते.

आमचा मुख्य अभ्यास म्हणजे नुसते उभे राहणे. पावले खांद्यांइतकी रुंद ठेवायची, गुडघे किंचित वाकवायचे, माकडहाड खाली सोडायचे, माथा वरून दोरीने धरल्यासारखा हलका ठेवायचा, जिभेचे टोक टाळूला लावायचे आणि हात छातीसमोर असे गोल धरायचे, की जणू आपण एखाद्या झाडाला मिठी मारली आहे. मग लक्ष नाभीखाली तीन-चार बोटांवर, दानथ्येन म्हणतात त्या जागी, नेऊन ठेवायचे आणि काहीही करायचे नाही. या काहीही न करण्यातच सर्व काही आहे, असे गुरुजी सांगतात, आणि पाचव्या मिनिटाला मांड्या लटलट कापू लागल्या की ते पटतेही, कारण दुसरे काही करण्याचे त्राणच उरत नाही. अभ्यास मुरला म्हणजे दानथ्येनमध्ये साठलेली ‘ची’, अर्थात प्राणशक्ती, पाठीच्या कण्यातून वर चढते, माथ्यावरून वळसा घेते आणि छाती-पोटावरून पुन्हा खाली उतरते. या फेरीला लघु स्वर्गीय परिक्रमा असे नाव आहे आणि तिच्या चढणीवर तीन नाकी लागतात : एक माकडहाडाजवळ, दुसरे पाठीच्या मध्यावर आणि तिसरे मानेच्या वर, डोक्याच्या मागे. वर्गातल्या इतर मंडळींची शक्ती ही तिन्ही नाकी ओलांडून गेली असल्याचे ती मंडळी स्वतःच सांगतात. माझी पहिल्याच नाक्यावर अडकलेली आहे, कारण तिथे कंबरदुखीचा मुक्काम आधीपासून आहे.

आता त्या पाठीविषयी. मी ज्या काल्पनिक झाडाला मिठी मारून उभी असते, त्यापासून दहा-बारा पावलांवर एक खरे झाड आहे आणि एक आजोबा रोज सकाळी त्याच्यावर पाठ आपटत असतात. यात वेडेपणा काही नाही. पाठीवरच्या शक्तिवाहिन्या असे धक्के दिल्याने मोकळ्या होतात, असे मानणारे पुष्कळ वृद्ध चीनमधल्या बागांतून झाडांना धडका देताना दिसतात. बीजिंगमध्ये ३०० वर्षांहून जुन्या झाडाला लाल पाटी असते आणि १०० वर्षांहून जुन्या झाडाला हिरवी. आजोबा कायदा पाळणारे असल्यामुळे त्यांनी बिनपाटीचे, तरुण सायप्रस निवडले आहे. त्याच्या खोडावर आजोबांच्या खांद्यांच्या उंचीवर साल झिजून गुळगुळीत, तेलकट, तपकिरी असा एक पट्टा उमटलेला आहे. कोटाचे कापड फाटू नये म्हणून आजोबा पाठीला एक जुना टॉवेल दोन पिनांनी अडकवून येतात, उजव्या हातात दोन अक्रोड फिरवत राहतात, फांदीला छोटा रेडिओ टांगतात आणि मग सुरू होतात. धप्. मधे एक श्वास. धप्.

हा आवाज सुरुवातीला नुसता ऐकू येतो. पुढे तो श्वासात शिरतो. आपण श्वास घ्यावा आणि धप् व्हावे, सोडावा आणि धप् व्हावे, असे काही आठवडे चालले म्हणजे शरीर आपले राहत नाही. गेल्या रविवारी मी त्या तालावर पुढे-मागे झुलत होते, याची मला पूर्ण कल्पना होती. पण तो ताल ज्यांनी लावला होता, त्यांनीच फिर्याद केली. (इथे गुरूला शिफू म्हणतात आणि आजोबांच्या वयाच्या माणसाला दाये.)

‘‘शिफू,’’ धप्, ‘‘तुमची ती भारतीय बाई,’’ धप्, ‘‘हलते आहे.’’

गुरुजी डोळे न उघडता म्हणाले, ‘‘हलू दे, दाये. आत काही सुरू झाले की बाहेर दिसते.’’

‘‘हे आतले नाही,’’ धप्, ‘‘कोंबडी दाणे टिपते तशी हलते आहे.’’

‘तुम्ही थांबा, म्हणजे मी थांबेन,’ एवढेच मला म्हणायचे होते. परंतु जीभ टाळूला लागलेली होती, आणि पाठीवरची वाहिनी व पोटावरची वाहिनी यांना जोडणारा पूल म्हणजे ती जीभच, हे आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलेले होते. आपली बाजू मांडायची तर परिक्रमेचा पूल पाडावा लागतो, अशी ही साधना आहे. कोणत्याही गुरूला सोयीची म्हणावी अशीच.

धप् थांबले. आजोबा झाड सोडून थेट माझ्यासमोर आले आणि त्यांनी माझे निरीक्षण सुरू केले.

‘‘वय काय?’’

मी गप्प.

‘‘पगार किती?’’

मी गप्प.

‘‘जीभ दाखव.’’

हा प्रश्न वैद्यकाचा होता, आणि चीनमध्ये वैद्यकीय आविर्भावाने जीभ दाखव म्हटले की माणूस ती दाखवतो. मी पूल पाडला आणि जीभ बाहेर काढली. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिले आणि शेजारच्या वर्गालाही ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, ‘‘टोक लाल आहे. हृदयात अग्नी आहे. ही डोळे मिटून उभी राहिली तर अग्नी वाट चुकेल.’’

आमच्या वर्गातल्या ध्यानस्थ मंडळींपैकी निम्म्यांनी एकेक डोळा उघडला.

अग्नी वाट चुकणे ही तिकडे थट्टेची गोष्ट नाही. चुकीच्या साधनेने प्राणशक्ती भलतीकडे चढते आणि माणसाला भास होऊ लागतात, ही भीती जुनी आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या १९९४ सालच्या निदानसूचीच्या परिशिष्टातसुद्धा छिकुंगमुळे, म्हणजे प्राणशक्तीच्या अशा साधनेमुळे, होणाऱ्या विकाराची नोंद आहे. म्हणून मी जीभ आत घेऊन नम्रपणे विचारले, ‘‘दाये, तुम्ही वैद्य आहात का?’’

‘‘मी बसमध्ये तिकिटे फाडायचो,’’ ते म्हणाले, ‘‘पण मी भांडे घालून बसलेला माणूस आहे.’’

इथे थोडे थांबायला हवे. १९८० च्या दशकात आणि पुढेही काही वर्षे चीनमध्ये छिकुंगची लाट आली होती. बागा भरून जात होत्या, सभागृहे भरवून गुरू दुरूनच शक्ती सोडत होते, आणि त्या भरात विश्वातून येणारे संदेश नीट पकडता यावेत म्हणून कित्येक माणसे ॲल्युमिनियमची पातेली डोक्यावर पालथी घालून रांगेने ध्यानाला बसत असत. त्याची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात आणि त्यांतला प्रत्येक चेहरा कमालीचा गंभीर आहे. आजोबा त्या रांगेतले.

‘‘काय संदेश आला?’’ मी विचारले.

‘‘संदेश येण्याच्या बेतात होता. तेवढ्यात बायको आली आणि पातेले घेऊन गेली. तिला भात टाकायचा होता.’’ क्षणभर ते खरोखरच खिन्न झाले. मग त्यांना माझे राष्ट्रीयत्व आठवले. ‘‘पण तुम्हा लोकांना तर हे पाळण्यातच येते ना? योग तुमचा, ध्यान तुमचे, बुद्ध तुमचा. मग तुला का येत नाही?’’

या प्रश्नाला परदेशात राहणाऱ्या भारतीय माणसाजवळ उत्तर नसते. मांडी घालून जमिनीवर बसता येते का, हे माझ्या कार्यालयातले लोकही अधूनमधून तपासून पाहतात. गंमत म्हणजे सांगलीला आई हेच विचारते, फक्त उलट दिशेने. ‘‘अगं, ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय घे. कुंडलिनी कशी जागी होते, कशी वर चढते, सगळं माउलींनी मराठीत लिहून ठेवलंय. त्यासाठी तिकडे पैसे कसले भरतेस?’’ आईला मी सांगितले, की इथे निदान समोर उभे राहून कोणी चुका दाखवते. रविवारनंतर हा मुद्दा मी मागे घेतला आहे.

तर त्या दिवशी गुरुजींनी काय करायला हवे होते? ‘दाये, आपण आपल्या झाडाकडे जावे,’ हे एक वाक्य पुरेसे होते. गुरुजींनी दीर्घ श्वास घेतला, तो सावकाश दानथ्येनपर्यंत नेला आणि म्हणाले, ‘‘दाये म्हणतात त्यात तथ्य असू शकते. आज तुम्ही डोळे उघडे ठेवून उभ्या राहा. नाहीतरी पिशव्यांकडे कोणी पाहत नाही.’’

अशा रीतीने मी उघड्या डोळ्यांनी काल्पनिक झाडाला मिठी मारून बाकाकडे तोंड करून उभी राहिले. एका पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. एका थर्मासच्या काचेतून तळाशी बसलेली लाल गोजीबेरी दिसत होती. निळ्या पिशवीतला फोन तीनदा वाजला आणि तिन्ही नाकी ओलांडलेल्या तिच्या मालकिणीने डोळे मिटलेल्या अवस्थेतच ‘‘वाजू दे’’ अशी आज्ञा केली. चामडी पिशवीचे मालक थोड्या थोड्या वेळाने एक डोळा उघडून मी नीट पाहते आहे ना, हे पाहून घेत होते, आणि हे मला अजून क्षमा करता आलेले नाही. एवढ्यात आजोबांना उकडू लागले. त्यांनी कोट काढला, इकडेतिकडे पाहिले आणि माझ्या गोल धरलेल्या हातांवर तो टॉवेलासकट टाकला. ‘‘हात तसेही रिकामेच आहेत,’’ असे म्हणून ते झाडाकडे परतले. धप्.

या परंपरेत एके काळी अमरत्वासाठी हिंगूळ उकळत असत. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. त्यापासून बनवलेल्या गुटिका घेऊन थांग घराण्यातले एकाहून अधिक सम्राट अमर होण्याआधीच वारले. पुढे साधकांनी भट्टी आणि मूस शरीराच्या आत कल्पिली आणि प्रकरण पुष्कळ सुरक्षित झाले. बीजिंगच्याच श्वेतमेघ मंदिरात १८८६ साली कोरलेली एक शिळा आहे; तिच्यावर मनुष्यदेह डोंगरदऱ्यांसारखा काढला आहे. पोटात एक जण बैलाने जमीन नांगरतो आहे आणि कण्याच्या तळाशी दोन मुले पायांनी रहाट फिरवून पाणी उलटे, वर चढवत आहेत. त्या चित्राचा छाप माझ्या भिंतीवर आहे. त्यात देहाच्या आत सगळे आपापले काम करतात आणि कोणीही दुसऱ्याची जीभ बघायला जात नाही.

त्याच मंदिरात छ्यू छूजी यांची समाधी आहे. हे ताओपंथी गुरू सत्तरी ओलांडलेली असताना चंगेजखानाच्या बोलावण्यावरून पार हिंदुकुशापर्यंत गेले आणि १२२२ साली त्याला भेटले. खानाने अमरत्वाचे औषध मागितले. आयुष्य जपण्याचे मार्ग आहेत, पण अमर होण्याचे औषध नाही, असे त्यांनी त्याच्या तोंडावर सांगितले. ज्याच्या नावाने निम्मे जग कापत होते, त्याला नाही म्हणणारे गुरू ज्या परंपरेत होऊन गेले, त्याच परंपरेतल्या आमच्या गुरुजींना झाडावर पाठ आपटणाऱ्या एका निवृत्त बसवाहकाला नाही म्हणता आले नाही. मी कोणत्याही शक्तीची अपेक्षा ठेवलेली नव्हती. तासभर मला कोणी काही विचारणार नाही, मागणार नाही आणि सोपवणार नाही, एवढ्याचेच मी पैसे मोजले होते. आणि ऑफिसात, घरात, फोनवर जे मला मिळत नाही, ते बागेत उभे राहूनही मिळत नसेल, तर मग गुडघे वाकवायचे कशासाठी?

मंगळवारी मी गुरुजींना संदेश पाठवून उरलेल्या वर्गांचे शुल्क परत मिळेल का, अशी विचारणा केली. त्यांचे उत्तर लगेच आले. शुल्क हीसुद्धा एक ऊर्जा आहे, ती एकदा पुढे निघाली की मागे वळवणे प्रकृतीला अपायकारक असते, असे त्यांनी लिहिले आणि खाली हात जोडल्याचे चित्र टाकले. पुढच्या रविवारी मी पुन्हा डोळे उघडेच ठेवावेत, असा आजोबांचा निरोपही त्यांनी सोबत कळवला आहे. आजोबांकडून ते एक युआनही घेत नाहीत.