'वस्तुनिष्ठ' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: जळण, कोळसा आणि गणित

'वस्तुनिष्ठ' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांनी माझ्या सरपणावरच्या लेखाखाली लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. उत्तर तिथल्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं लिहितोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: कोकणातल्या घराची चूल आणि न्हाणीघरातला बंब आपल्याच आवारातल्या जळणावर चालत असेल, तर ते जळण कोळशापेक्षा आणि जहाजाने आलेल्या गॅसपेक्षाही जास्त टिकाऊ इंधन आहे, एवढंच मी म्हटलं होतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं:

"लेख वाचून करमणूक झाली. लिहिण्याआधी थोडं गणित केलं असतंत तर बरं झालं असतं. तेवढ्याच उष्णतेसाठी लाकडातून कोळशापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एका सिलिंडरचं काम करायला दोनशे किलो लाकूड जाळावं लागतं. इंग्लंडमध्ये ड्रॅक्सचं काय झालं ते वाचा. कोकणातून लाकडाचे ट्रक घाटावर जातात ते दिसत नाहीत का? आणि धुराने बायकांच्या फुप्फुसांचं काय होतं ते त्यांनाच विचारा. शहरात गॅसवर चहा उकळून चुलीचे गोडवे गाणं सोपं असतं."

शेवटून सुरुवात करतो, कारण तेच सगळ्यात झोंबलं, खोटं कशाला बोलू. महाशय, मी शहरात राहत नाही. संगमेश्वर तालुक्यात राहतो. घरात गॅस आहे आणि चहा गॅसवरच होतो, हे मूळ लेखातच लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत पोहोचला नसाल. आंघोळीचं पाणी मात्र बंबात तापतं, आणि भात, पेज, गुरांचं आंबोण चुलीवर. शाळेला सुट्टी लागली की वरकशीतून, म्हणजे डोंगरउतारावरच्या रानातून, मोळ्या आणायचं काम आम्हा भावंडांकडे असायचं. आगोटीच्या आत पडवीत आढ्यापर्यंत फाटी रचली गेली नाहीत, तर आजी जेवायला वाढायची नाही. तेव्हा उंटावरून शेळ्या कोण हाकतंय ते एकदा बघा.

मतभेदाला माझी ना नाही. पण 'करमणूक झाली' आणि 'गणित केलं असतंत तर' हा मास्तरकीचा सूर कशासाठी? या ब्लॉगवर माझ्याशी कडकडून भांडणारे वाचक आहेत, त्यांच्याकडून मी शिकतोही. त्यांच्यापैकी एकानेही मला बाकावर उभं केलेलं नाही.

असो. गणितच हवंय ना, मग करू.

कोळशापेक्षा लाकडातून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, हे वाक्य आकड्यापुरतं बरोबर आहे. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेत एक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडाला ११२ किलो, दगडी कोळशाला सुमारे ९५, एलपीजीला ६३ आणि नैसर्गिक वायूला ५६ किलो धरले आहेत. हे आकडे मला ठाऊक होते. पण त्याच मार्गदर्शिकेत पुढे असंही आहे की लाकडाचा कार्बन ऊर्जेच्या खात्यात मिळवायचा नाही. जंगल किती तुटलं आणि किती वाढलं, त्या जमिनीच्या खात्यात तो धरायचा. म्हणजे सूट दिलेली नाही, नोंद दुसऱ्या वहीत केली आहे. तुम्ही एकच वही उघडलीत आणि मला नापास केलंत!

आता दुसरी वही. चंद्रपूरचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तो खाणीत राहिला असता तर त्यातला कार्बन हवेत यायचं काहीच कारण नव्हतं. माझ्या बंबात काय जातं? नारळाची चुडतं, सोडणं, करवंट्या, काजूच्या छाटलेल्या फांद्या, बेणणीत निघालेलं रान. जाळलं नाही तर हे सगळं आवारात पडून दोन-चार पावसांत कुजणार, आणि त्यातला बराचसा कार्बन हवेतच जाणार. सोडण तर कुजायला इतका वेळ घेतं की माडाच्या मुळाशी पुरलेलं दोन वर्षांनी उकरलं तरी काथ्या हाताला लागतो, हे खरं. पण चंद्रपूरच्या कोळशाइतका तरी नाही ना घेत?

राहिलं ऐनाचं झाड. आमच्याकडे ऐन मुळावर कोणी घाव घालून पाडत नाही, त्याची कवळं, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडतात. थंडी सरता सरता माणूस कोयती घेऊन झाडावर चढतो, शेंडा तसाच ठेवतो आणि बाजूच्या फांद्या खोडापासून वीतभर सोडून तिरक्या घावाने उतरवतो, म्हणजे घावावर पाणी थांबत नाही. पाला नि बारीक काटक्या भाजणीला, राबासाठी. मनगटाएवढी फाटी चुलीला. मिरग बरसला की त्या वीतभर खुंटांवर तांबूस कोंब फुटतात, पुढच्या वर्षी त्यांच्या काठ्या होतात. एकदा तोडलेल्या झाडाला पुढची दोन-तीन वर्षं हात लावायचा नाही, हा वडिलांचा दंडक. आमच्या बांधावरचे काही ऐन मी लहानपणी पाहिले तेव्हाही असेच ठेंगणे, गाठाळ होते. आजही आहेत आणि आजही जळण देतात. याला जंगलतोड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

तुम्हाला अभ्यासच लागतात, तर मॅसॅच्युसेट्स राज्यासाठी मॅनोमेट संस्थेने २०१० साली केलेला घ्या. तिथे तर चक्क उभं जंगल तोडून वीज करण्याचा हिशोब मांडला होता. तरीही कोळशाच्या तुलनेत हवेत गेलेल्या जादा कार्बनचं कर्ज, जंगल परत वाढून, वीसेक वर्षांत फिटतं, असं निघालं. (गॅसच्या विजेशी तुलना केली तर तोच आकडा नव्वदीच्या पुढे जातो. हेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या पुन्हा तुमची प्रतिक्रिया यायची.) दोन-तीन वर्षांत परत येणाऱ्या फांदीला किती वर्षं लागतील, हे गणित मात्र तुमच्यावर सोडतो. आमच्याच जिल्ह्यात जयगडला १२०० मेगावॅटचा प्रकल्प आयात कोळशावर चालतो. तो कोळसा जळाल्यावर परत कुठे उगवतो, तेही जमलं तर कळवा.

दोनशे किलोंचं म्हणाल तर एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो: तुमचा आकडा ठीक आहे. साधी चूल भांड्याला फार तर दहा-पंधरा टक्के उष्णता देते, गॅसची शेगडी साठच्या घरात. १४.२ किलोच्या सिलिंडरचा हिशोब मीही करून पाहिला, साधारण तेवढंच लाकूड येतं. लेखात हा आकडा यायला हवा होता. पण दोनशे किलो म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे आडवा पडलेला वृक्ष येतो, आणि तुम्हाला तेच हवं होतं. विकत घेऊन जाळणाऱ्याला ते दोनशे किलो परवडणार नाहीत, त्याने गॅसच घ्यावा. मी कुठे नको म्हटलं? देशात लागणाऱ्या एलपीजीचा अर्ध्याहून जास्त भाग बाहेरून येतो, तोही मुख्यतः आखातातून. तिकडे काही बिनसलं की इकडे देवरुखच्या गृहिणीचं बजेट हलतं, आणि मग २०१६ पासून उज्ज्वलाचं सिलिंडर घरात आलेलं असूनही ती परत चुलीकडे वळते. हे तुमच्या गणितात कुठे बसतं?

ड्रॅक्स. वाचलंय हो. यॉर्कशायरमधलं हे वीजकेंद्र. कोळशाच्या सहा संचांपैकी चार लाकडाच्या गोळ्यांवर नेले, गोळ्या अमेरिकेतून आणि कॅनडातून जहाजाने आणल्या. लाकडाच्या माहितीची नोंद नीट न ठेवल्याबद्दल २०२४ साली त्यांना अडीच कोटी पौंड भरावे लागले. झाड एका देशात तुटतं, जळतं दुसऱ्या देशात, आणि दोन वह्या दोन सरकारांकडे. त्या प्रकाराचं समर्थन मी कधीही केलेलं नाही. समुद्रापलीकडून लाकूड आणून वीज करणारा कारखाना आणि माझा बंब यांना एका दोरीत बांधणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

ट्रक दिसतात. रात्री जास्त दिसतात. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं, जवळजवळ सगळी झाडी खाजगी मालकीची. मुंबईला गेलेला मालक डोंगरावरची झाडी उक्ती विकतो, ठेकेदार मुळासकट सगळं साफ करतो आणि माल बॉयलरला नि भट्ट्यांना जातो. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे यादीतल्या झाडांना परवानगी लागते. तो कायदा पाळला जातो का, हा प्रश्न मला विचारण्यात काय हशील? लेख घरगुती जळणावर होता. ट्रकांवर लिहायचं असेल तर तुम्ही लिहा, मी छापतो.

धूर वाईट, हे सांगायला तुम्ही लागत नव्हतात. आमच्या चुलीला धुराडं आहे. आईने उभा जन्म चूल फुंकली आणि ऐंशी ओलांडूनही ती रोज परसात फिरते. धुराचा प्रश्न चुलीच्या बांधणीचा आणि ओल्या फाट्यांचा आहे. इंधन टिकाऊ की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे तो मुद्दा इथे गैरलागू ठरवून पुढे जातो.

म्हणजे जाणार होतो. तुमची प्रतिक्रिया घरात वाचून दाखवली, तेव्हा भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, बाकीचं मला कळत नाही, पण 'त्यांनाच विचारा' हे त्या माणसाने बरोबर लिहिलंय, तुम्ही कधी विचारलंत? त्या विषयावर आमचं बोलणं अजून चालू आहे. ते इथे छापायचं नाही, असं तिनेच बजावलंय.