स्लावचा निकाल, सुनक आणि आपली मतं : एका कमेंटला उत्तर

नमस्कार. स्लाव (Slough, लंडनजवळचं गाव) इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, 2023 च्या निवडणुकीत लेबर पक्षाची सत्ता गेली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सगळ्यात मोठा ठरला, ते कौन्सिलवरच्या कर्जामुळे असं मी लिहिलं होतं, त्याखाली तुम्ही म्हणताय की मी कर्जाचं पुराण लावून खरं कारण लपवलं, खरं कारण म्हणजे तेव्हा भारतीय वंशाचे, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे ऋषी सुनक पंतप्रधान होते म्हणून इंडियन मतं एकगठ्ठा कॉन्झर्व्हेटिव्हना गेली. आणि वर असंही की व्हिसावरच्या आपल्या लोकांना इथे मतच नसतं, मग मराठीत हे लिहायचंच कशाला. जरा लांबलचक उत्तर देतेय, कारण दुसरा मुद्दा वाचून मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून तोच आधी. मत असतं हो! भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे इथे कायदेशीर राहणारा, 18 पूर्ण झालेला भारतीय नागरिक, वर्क व्हिसावर असला तरी, कौन्सिललाच काय पार्लमेंटलाही मत देऊ शकतो, फक्त यादीत नाव नोंदवायला लागतं. मे 2023 मध्ये इंग्लंडात पहिल्यांदा मतदानाला फोटो आयडी सक्तीचा झाला, तेव्हा मी आपला निळा पासपोर्ट घेऊन गेले होते, कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट चालतो. त्या खोलीत शिरताना मनात नुसती धाकधूक, आणि बाहेर आल्यावर पहिल्यांदा वाटलं की या गावात आपण नुसते भाडेकरू नाही. स्लावमध्ये इतकी मराठी घरं आहेत आणि त्यातल्या कित्येकांना हे माहीतच नाही, म्हणून मराठीत लिहिते.

आता सुनक. त्याच दिवशी, 4 मे ला, कॉन्झर्व्हेटिव्हनी इंग्लंडभर हजाराहून जास्त नगरसेवक गमावले, आणि पंतप्रधान तेव्हा सुनकच होते ना? तुम्ही भारतीय वस्ती मोठी असलेल्या लेस्टर शहराचं उदाहरण दिलंत, तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह 0 वरून 17 जागांवर गेले हे बरोबर, पण तिथे लेबरने स्वतःच्याच 19 नगरसेवकांची तिकिटं कापली होती, ते सोडून कसं चालेल.

स्लावचं दुखणं वेगळं होतं. 2008 पासून लेबरची सत्ता, आणि जुलै 2021 मध्ये कौन्सिलने सेक्शन 114 ची नोटीस काढली, म्हणजे तिजोरीत खडखडाट, कायद्याने जे करावंच लागतं त्यापलीकडे नवा खर्च बंद. डोक्यावर साधारण 76 कोटी पौंडांचं कर्ज. कर्ज काढून मालमत्ता घेतल्या, ठीक आहे, बऱ्याच कौन्सिलांनी घेतल्या, पण ते फेडायला दरवर्षी जी रक्कम बाजूला ठेवायची असते ती पुरेशी ठेवलीच नाही आणि हे वर्षानुवर्षं चाललं. मग केंद्र सरकारने कौन्सिलवर देखरेखीला कमिशनर बसवले, 60 कोटी पौंडांपर्यंतच्या मालमत्ता विकायची वेळ आली, आणि निवडणुकीच्या तोंडावर कौन्सिल टॅक्स 9.99 टक्क्यांनी वाढला, जिथे बाकीच्या बहुतेक ठिकाणी मर्यादा 4.99 होती. हा टॅक्स इथे बहुतेक वेळा घरमालक नाही, त्या घरात राहणारा भरतो. म्हणजे भाड्याच्या फ्लॅटमधलं आपलं आयटीवालं जोडपं सुद्धा. ते बिल हातात आलेल्या माणसाने मत कशाला बघून दिलं हे शोधायला सुनकपर्यंत जायला लागत नाही.

अजून एक, जे मी मूळ पोस्टमध्ये नीट सांगितलं नव्हतं. आधी स्लावमध्ये दरवेळी एक तृतीयांश जागांचीच निवडणूक व्हायची, त्यामुळे लोक चिडले तरी सत्ता एका फटक्यात हलत नसे. 2023 ला नवीन वॉर्ड आखले, 21 वॉर्ड, प्रत्येकी दोन जागा, सगळ्या 42 एकदम मतदानाला. निकाल कॉन्झर्व्हेटिव्ह 21, लेबर 18, लिबरल डेमोक्रॅट 3. म्हणजे बरोबर निम्म्या, बहुमताला एक कमी. एकगठ्ठा लाट असती तर आकडा असा काठावर अडकला असता का?

तुमचं एक मात्र मान्य, उमेदवाराची ओळख कुठे आहे, मंदिरात, गुरुद्वारात की मशिदीत, याने वॉर्डात फरक पडतो आणि मी त्यावर एक ओळही लिहिली नाही, ती माझी चूक. पण तेवढ्यावरून सगळ्या गावाच्या मतांना जातीधर्माचं लेबल लावलं की कर्ज कुणी केलं हा प्रश्न बाजूला पडतो. आणि तो प्रश्न संपलेला नाही, कारण सत्ता बदलल्यावर 2024 मध्येही टॅक्स 8.5 टक्क्यांनी वाढलाच, कमिशनरही गेले नाहीत.

पुढची निवडणूक मे 2027 ला आहे, तेव्हाही सगळ्या जागा एकदम आणि प्रत्येकाला दोन मतं. तुम्ही स्लावमध्येच राहत असाल तर कुठला वॉर्ड ते सांगा, आणि यादीत नाव नसेल तर आजच ऑनलाइन नोंदवा, पाच मिनिटांचं काम आहे.